थडग्यातली तिसरी जागा

वेस्ना, सस्कॅचेवान, कॅनडा
९ जून १९९४

चि. नेस्टा हिस,
अ. आ., वि. वि.

गुरुवार, १७ फेब्रुवारी १९९४, दुपारचे दोन. त्या दिवशी, त्या वेळी नान्तग्लासच्या चॅपलमागच्या दफनभूमीत माझी जागा दुसऱ्याला देण्यात आली. वेळ मी मनाची लिहिलेली नाही. तुझ्या नवऱ्याच्या, एमरिसच्या अंत्यविधीचं छापील कार्ड तुझ्या लेकीने, लोवरीने पाठवलंय, त्यावर आहे. तुमचे दोन म्हणजे आमचे सकाळचे आठ. मी तेव्हा दारातलं बर्फ उपसत होते आणि तुझ्या दुःखाने माझं फावडं चालत नव्हतं. इतकी मी भोळी.

परवा, मंगळवारी, तुझ्या लेकीचं पाकीट आलं. त्यात आपल्या घरच्या दगडाचा फोटो. वर वडिलांचं नाव, १९४९. खाली आईचं, १९६१. त्याखाली वीतभर कोरी पाटी होती. पाथरवटाने ती मुद्दाम सोडलीय, असं तूच मला तेव्हा लिहिलं होतंस. आता तिथे तुझ्या नवऱ्याचं नाव आहे. अक्षरं नवी असल्यामुळे आईपेक्षा तोच जास्त उठून दिसतो.

ते थडगं एकावर एक अशा तिघांपुरतं खणलेलं आहे हे तुला ठाऊक आहे. तिसरी जागा कुणाची, हेही. १९४६ च्या फेब्रुवारीत पाव्लोशी लग्न करून मी कॅनडाच्या बोटीवर चढायला निघाले तेव्हा स्टेशनवर तू आईच्या कोटाला धरून उभी होतीस. आई म्हणाली होती, की नेस्टाचं इथेच लग्न होईल, ती नवऱ्याच्या माणसांत जाईल. पण तू समुद्रापार चाललीस, तिथलं कोण कसं निघेल देव जाणे, तेव्हा शेवटी परत ये आणि माझ्यावर येऊन नीज. तू, नेस्टा, तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस, कुक्कुलं बाळ नव्हतीस. ऐकलं नाही म्हणू नकोस.

एमरिसवर माझा राग नाही. त्याच्यावर कुणाला रागावताच येत नसे, कारण अर्धं त्याला ऐकू जात नसे आणि उरलेल्यावर तो हसत असे. पण मला विचारायचं होतं, नेस्टा. चार ओळींची तार करायची होती. अठ्ठेचाळीस वर्षं मी युक्रेनी शेतकऱ्यांच्या या सपाट मुलखात ‘अंग्लिका’ म्हणून काढली. म्हणजे इंग्रजीण. मला! वेल्सच्या दगडखाणीतल्या माणसाच्या मुलीला! पाव्लोने लग्नाआधी सांगितलं होतं, की आपली जमीन नान्तग्लासहून पार चेस्टर शहरापर्यंत भरेल. भरत होती. मधे विहीर नव्हती, एवढंच सांगायचं राहिलं होतं. दमले की मी मनाला म्हणायचे, असू दे, शेवटी आपली जागा ठरलेली आहे. तेवढ्या एका गोष्टीवर मी हा गाडा ओढला. आता ओढायचं काही राहिलं नाही आणि जागाही राहिली नाही.

वडिलांनी चॅपलच्या लोकांची बोलणी खाऊन मला कॅथलिक नन्सच्या शाळेत घातलं. तिथे शिकवलं होतं, की तक्रार लिहिताना आधी तारीख, मग वेळ, मग रडणं. म्हणजे रडण्यापर्यंत कागद संपतो. पुढे सव्वीस वर्षं मी इथलं पोस्ट सांभाळलं. हरवलेल्या पार्सलचीसुद्धा चौकशी होते. म्हणून विचारते. कुणी ठरवलं? कुणी विचारलं, कुणी मान हलवली? तू काय म्हणालीस?

माझे गुडघे आहेत तसेच. रोमन म्हणतो, आई, गावातलं घर विक आणि माझ्याजवळ सॅस्कटूनला म्हाताऱ्यांच्या इमारतीत ये, तिथे लिफ्ट आहे. लिफ्ट आहे हे तो असं सांगतो, जसा त्याचा बाप जमीन सांगत असे.

थांबते. तुझ्याबद्दलचा लोभ तूर्त राखून ठेवला आहे. उत्तर आलं की मोकळा करीन.

ग्वेनलियन


नान्तग्लास, वेल्स
२१ जून १९९४

ती. ग्वेन हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दारातच उभ्याने वाचलं. मग बसले. एमरिसला जाऊन चार महिने झाले. पहिल्या पत्रात तू सांत्वन केलंस, दुसऱ्यात नोटीस धाडलीस. नन्सनी तुला छान शिकवलं म्हणायचं.

तुला वेळेची फार हौस, म्हणून दोन वाजता मी काय करत होते ते सांगते. चॅपलच्या मागल्या खोलीत सात बायकांबरोबर हॅम कापत होते. पावाला लोणी लावत होते. कुठे जन्मलीस ते विसरलीस का गं? आपल्याकडे थडग्यापाशी पुरुष जातात. बायका चहा बघतात. आईला ठेवलं तेव्हा मी नव्हते, वडिलांना ठेवलं तेव्हा आई नव्हती. काळ्या कोटातली चाळीस माणसं छत्र्या घेऊन वर चढली, पाऊण तासाने चिखलाचे बूट घेऊन खाली आली आणि म्हणाली, सगळं नीट झालं. मी त्यांना चहा ओतला. नीट म्हणजे कुठे, हे विचारायची आपल्यात रीत नाही.

टुडुरने आदल्या दिवशी येऊन सांगितलं होतं, की जागेचं मी बघतो, तू काळजी करू नकोस. तो आपला चुलतभाऊ, चॅपलच्या दफनभूमीचा नकाशा त्याच्याकडे. मी हो म्हटलं. मला वाटलं, भिंतीकडच्या नव्या भागात दोघांपुरतं घेतील. रविवारी मी डॅफोडिलची फुलं घेऊन गेले तर टुडुर उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळला. मला आई-वडिलांच्या दगडाशी उभं केलं. मातीचा उंचवटा ताजा होता. मी फुलं तिथेच ठेवली.

आता तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. गेल्या उन्हाळ्यात लोवरी तुझ्याकडे पंधरा दिवस राहून आली. तिने आणलेला एक फोटो माझ्या कपाटावर उभा आहे. पाव्लोच्या थडग्याचा करडा दगड. त्याच्या नावाशेजारी बायकोचं नाव, जन्माचं साल १९२३, पुढे आडवी रेघ. मागे लोवरीने लिहिलंय: मावशीचा दगड. टुडुर दर मंगळवारी माझ्याकडे चहाला येतो आणि तो फोटो बघतो. आपल्याकडे माणूस मेल्याशिवाय त्याचं नाव कोरत नाहीत. जिवंत माणसाचं नाव दगडावर घालायची कुणाची छाती होणार नाही. मग टुडुरने काय समजायचं? तो समजला, की ग्वेनचं तिकडे पक्कं झालं. तो म्हणतो, की त्याने मला तसं विचारलं आणि मी म्हणाले, ग्वेन आपल्या माणसांत गेली. मला आठवत नाही. तीन दिवस झोप नव्हती. म्हणाले असेन.

म्हणजे तुला दोन जागा होत्या. एमरिसला एकही नव्हती. त्याचं गाव धरणाखाली गेलं. त्याच्या माणसांवर सत्तर फूट पाणी आहे. तुझ्या चार पानांत तारीख मावली, घटका मावली, तुझ्या नावाचा दगड तेवढा मावला नाही?

मी दमलेय, ग्वेन. वडिलांची धुळीने भरलेली छाती मी ऐकली. आईची अंथरुणातली नऊ वर्षं मी काढली. तू पार्सलं पाठवलीस आणि सुंदर पत्रं लिहिलीस. आई ती उशीखाली ठेवायची. चादर मी बदलायचे.

राग असला तरी लिहीत जा. मला पत्र घालणारं दुसरं माणूस आता उरलं नाही.

नेस्टा


कार्डिफ
१ जुलै १९९४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईने मला लिहू नकोस म्हणून बजावलंय, म्हणून हे ऑफिसातून लिहिते आहे. तुझं पत्र तिने मला फोनवर वाचून दाखवलं. मधेमधे थांबून तुझ्यासारखा आवाजही काढला.

फोटोची चूक माझी. मागे काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं. त्या दगडाजवळ उभं राहून तू फक्त दुपारी जेवायला काय करू असं विचारलंस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पण आईने तुला एक गोष्ट सांगितलेली नाही, ती सांगते. मे महिन्यात मी तिला वर दफनभूमीत घेऊन गेले होते. तिथे तिने टुडुरमामाला सहज विचारलं, की माझी वेळ आली की मला एमरिसच्या वर ठेवाल ना? मामाने टोपी काढली. डोकं खाजवलं. मग म्हणाला, की नेस्टा, हे तिघांचंच आहे गं, आता भरलं. आई म्हणाली, बरं. घरी आल्यावर तिने ओव्हन घासायला घेतला. तो स्वच्छच होता.

तर मावशी, आईने तुझी जागा घेतली खरी, पण ती तिलाही मिळाली नाही. चाळीस पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की विधवेला पुढे कुठे ठेवायचं. आई आता सगळ्यांना सांगते, की एकेचाळीस वर्षं घोरणं ऐकलं, सुटले. लोक हसतात. मग ती भांडी आपटते.

तिला यातलं काही कळू देऊ नकोस. तू मात्र रागातली का होईना, पत्रं चालू ठेव. पोस्टमन यायच्या वेळी ती पडदा सरकवून उभी असते.

तुझी
लोवरी


वेस्ना
१८ जुलै १९९४

चि. नेस्टा हिस,
अ. आ., वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. आणखीही एक पोहोचलं. कुणाचं ते विचारू नकोस आणि तिला ओरडूही नकोस. मी लपवलं म्हणतेस, तर तूही काही कमी लपवलेलं नाहीस. आपण दोघी एकाच आईच्या.

दगडाचं सांगते. तुला पहिल्यांदाच सांगते आहे, आणि खरं तर कुणालाच सांगितलेलं नाही.

पाव्लो गेल्यानंतरचा वसंत. इथे त्या दिवसांत एका रविवारी पाद्री येऊन सगळ्या थडग्यांना आशीर्वाद देतो. लोक डबे घेऊन येतात, प्रार्थना झाली की तिथेच गवतावर जेवतात. माझा दीर ओस्टाप मला हाताला धरून पुढे घेऊन गेला, म्हणाला, वहिनी, डोळे मीट. मी सत्तर वर्षांची बाई, दफनभूमीत डोळे मिटून उभी. उघडले तर करडा ग्रॅनाइट, त्यावर गव्हाच्या लोंब्या कोरलेल्या, एका बाजूला पाव्लो, दुसऱ्या बाजूला मी. इथे विधवेचं नाव नवऱ्याबरोबरच कोरून टाकतात. पुढे साल तेवढं घालायचं राहतं. त्यात कुणाला काही वाटत नाही. ओळीतल्या सगळ्या विधवा आपापल्या नावाशेजारी उभ्या राहून कोबीचे रोल खात होत्या.

आणि नेस्टा, ते माझं नावच नव्हतं. लोवरीने तुला हे सांगितलं नसणार, कारण ती समजली असेल की इथे मला तसंच म्हणतात. दगडावर इथल्या लिपीत लिहिलंय, तुला फोटोत वाचता आलं नसेल: ओलेना हनात्युक.

४६ साली मी गाडीतून चिखलात उतरले तेव्हा सासूने आधी माझे बूट पाहिले, मग माझ्या डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाली, ओलेना. माझी सासू पाराश्का वाईट नव्हती. तिच्या जिभेला माझं नाव पेलत नव्हतं, आणि माझ्या जिभेला तिची भाषा. बावीस वर्षं आम्ही एका चुलीपाशी कणीक तिंबली. ती गेली तोवर मी ओलेना होऊन बसले होते. पोस्टातल्या पाटीवरसुद्धा तेच. पाव्लो एकटा मला ग्वेन म्हणायचा, तेही गोठ्यात, दार लावून, म्हणजे त्याच्या आईला वाईट वाटायला नको.

त्या रविवारी मी का बोलले नाही? ओस्टाप रडत होता गं. त्याने लोंब्यांचं चित्र स्वतः काढून दिलं होतं. सगळे डबे उघडून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, छान आहे. दमलेलं माणूस दुसरं काय म्हणतं? आणि तुला लिहिलं नाही, कारण वाटलं, तू म्हणशील, झाली बाई त्यांची. म्हणून मनात धरून बसले, की इथे ओलेनाचं नाव राहू दे, ग्वेनलियनला नान्तग्लासला न्यायचं. तेवढी एक वीतभर पाटी माझी होती.

चादरीबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. ते वाक्य मी पुन्हा वाचलं नाही. एकदाच पुरलं. पार्सल बांधताना मला फार चांगलं वाटायचं, एवढं कबूल करते.

आता टुडुरचं. चाळीस दाढीवाले खड्ड्याभोवती उभे राहतात आणि त्यातल्या एकाला तीनच्या पुढे मोजता येत नाही! नवरा खाली गेला, बायको कुठे जाईल, हे मांजरालाही सुचलं असतं. तू त्यांना चहा ओतलास. मी असते तर त्याच बुटांनी परत वर पाठवले असते. जा आणि विचार. मान खाली घालून नको, टोपी घालून जा.

बाकी इकडे उन्हाने माणसं आणि गहू दोन्ही वाळत चाललेत. माझ्यावर रुसून घर घासत बसू नकोस, लिही.

तुझी थोरली
ग्वेन


नान्तग्लास
३ ऑगस्ट १९९४

ती. ग्वेन हिस,
सा. न. वि. वि.

लोवरीला मी ओरडले. नंतर तिच्यासाठी मनुकांचा पाव केला. पुढे ऐक.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता चॅपलच्या वडीलधाऱ्यांची बैठक होती. आता ते सगळे मिळून सहाच उरलेत, त्यातला एक झोपलेला असतो. त्या खोलीत मी पन्नास वर्षं चहा नेऊन दिला, खुर्चीवर कधी बसले नव्हते. परवाही बसले नाही. टोपी घालून उभी राहिले आणि विचारलं, की माझ्या नवऱ्याच्या वर जागा नाही हे तुम्हाला खड्डा उकरताना दिसलं होतं का नंतर दिसलं? टुडुर बिचारा लाल झाला. म्हणाला, की नेस्टा, आम्हाला एमरिसची घाई होती, तुझी घाई नव्हती. मी म्हटलं, अजूनही नाही. झोपलेला माणूस हसला, म्हणजे झोपलेला नव्हता.

मग त्यांनी बराच खल केला. तुझ्या नावाचा विषय मीच काढला. आईने कुणाला काय कबूल केलं होतं ते सांगितलं. शेवटी टुडुरने मार्ग काढला. पेटी खाली जाणार नाही, पण दहन केलं तर राखेचा लहान डबा वरच्या मातीत बसतो. एकच. वर पाटीच्या कडेला दोन ओळी कोरता येतील, तेवढीच जागा आहे. तो डबा ग्वेनचा की नेस्टाचा, हे बहिणींनी आपसात ठरवावं, म्हणाला. सगळ्यांच्या तोंडावर असं समाधान, जसं काही मोठं दान दिलं.

मी येता येता ठरवलं. तो तू घे.

हे मी रुसून लिहीत नाही. आईने तुला शब्द दिला होता आणि मी तो मोडला, जागी असताना मोडला की झोपेत, याला अर्थ नाही. माझं काय, खाणीच्या वर नगरपालिकेची नवी दफनभूमी झालीय. वारा फार आहे, पण तिथून आपलं घर दिसतं. एमरिसला मी शेजारी नसले तरी कळायचं नाही. जिवंतपणीसुद्धा मी दुसऱ्या खोलीतून हाका मारायचे आणि तो एकटाच रेडिओशी भांडत बसायचा. लोवरी रडली. तिला म्हटलं, मावशी अठ्ठेचाळीस वर्षं वाट बघतेय, आपण काय, इथेच आहोत.

रात्री झोप लागते आता. तू काय ते कळव, म्हणजे टुडुर नकाशात लिहून टाकेल. जपून राहा, आणि त्या लिफ्टच्या इमारतीत जाणार असलीस तर जिन्याजवळची खोली माग.

नेस्टा


वेस्ना
२१ ऑगस्ट १९९४

चि. नेस्टा हिस,
अ. आ., वि. वि.

तुझं पत्र मागच्या आठवड्यात शुक्रवारी आलं. लगेच उत्तर लिहिलं आणि फाडलं. शनिवारी पुन्हा लिहिलं, तेही फाडलं. हे तिसरं. यात मी स्वतःला फार उदार दाखवणार नाही, कारण पहिल्या दोन्हींत तेच केलं होतं.

डबा तुझा. टुडुरला सांग, नकाशात शाईने लिही, पेन्सिलने नको.

मी आठ दिवस ती जागा डोळ्यांपुढे आणून पाहिली. खाली वडील, वर आई, त्यावर एमरिस, आणि त्यावर मी डब्यात बसलेय. एमरिसशी आयुष्यात मी एकंदर तीनदा बोलले, त्यातलं एकदा मोटारीच्या काचेतून. आणि तू वाऱ्यात एकटी, नवरा माझ्याखाली. आईलासुद्धा हे आवडलं नसतं. तिने शब्द दिला तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि तिला मला गाडीतून खाली ओढायचं होतं, ओढता येत नव्हतं, म्हणून ती बोलली. मी तो शब्द हुंडीसारखा जपला. तिच्यानंतर दोनदाच आले मी नान्तग्लासला. दुसऱ्या खेपेला दुकानातल्या पोरीने माझ्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, हळूहळू, पर्यटकांशी बोलतात तसं. मी आपल्या वेल्श भाषेत उत्तर दिलं तर म्हणाली, अय्या, तुम्ही छान शिकलात. हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

एकच अट. तुला ठेवतील तेव्हा लोवरी थडग्यापाशी उभी राहील. चहा पुरुषांनी करावा. तुमच्या वडीलधाऱ्यांनी नाही म्हटलं तर मला कळव. मी अजून पत्रं लिहू शकते.

माझं काय, ते ऐक. काल मी ओस्टापला जेवायला बोलावलं. बटाटा भरून उकडलेल्या कणकेच्या पिरोही केल्या, त्याला आवडतात तशा, कांदा जळेपर्यंत परतून. त्याच्या तिसऱ्या वाढीला मी सांगितलं, की तुझ्या दगडावरची ओलेना मी नाही. माझं नाव ग्वेनलियन. त्याने काटा खाली ठेवला. म्हणाला, वहिनी, अख्खा तालुका तुला घाबरायचा. तू पोस्टाची खिडकी आपटलीस की माझे कुत्रे घरात पळायचे. आणि तुला अठ्ठेचाळीस वर्षांत एक नाव सांगता आलं नाही? मी म्हटलं, कुणी विचारलं नाही. तो म्हणाला, आम्हाला कसं कळणार, तू हाकेला ओ द्यायचीस! यावर मी त्याला आणखी दोन वाढल्या.

मग तो माझं नाव म्हणायला लागला. चारदा म्हटलं, चार नावं झाली. पाचव्यांदा त्याने कपाळ पुसलं आणि आपल्या आईची बाजू घेतली. पण आज सकाळी चर्चबाहेर, सगळ्यांदेखत, टोपी काढून त्याने मला बरोबर हाक मारली. बायकोने सांगितलं, की हा पहाटेपासून गोठ्यात गाईंना ग्वेनलियन म्हणतोय. नेस्टा, मी तिथेच पायरीवर बसले. गुडघ्यांमुळे बसले असं सगळ्यांना वाटलं, तसंच वाटू दिलं.

ग्रॅनाइटवरचं खोडता येत नाही, खोडायला गेलं तर खड्डा पडतो. ओलेना राहील. मी राहू देणार आहे. तिने फार काम केलंय. पण तिच्याखाली दोन हात जागा मोकळी आहे आणि तिथे माझं नाव येईल. पाव्लोच्या शेजारी. तो गोठ्याचं दार लावून मला ज्या नावाने हाक मारायचा, ते आता उघड्यावर असेल. लोक वाचतील आणि म्हणतील, म्हाताऱ्याला दोन बायका होत्या. म्हणू देत.

आता तुझं काम. आपल्या गावात आपला दगड आपण लिहीत नाही. मागे राहिलेलं रक्ताचं माणूस पाथरवटाला मजकूर देतं, आणि मेलेल्याला तो मान्य करावा लागतो. इथली माणसं माझं नाव म्हणायला आत्ता कुठे शिकली, त्यांना मी कोण ते ठाऊक नाही. रोमनला विचारलं तर तो ‘प्रिय आई’ लिहील. ते दर दुसऱ्या दगडावर आहे. मला ओळखणारी तू एकटी उरलीस. पार्सलं पाठवणारी, चादर न बदलणारी, निघून गेलेली, सगळं धरून. तेव्हा मी कोण होते ते तू लिही. आपल्या भाषेत. मी तुझ्याशी गोड बोलते आहे म्हणून गोड लिहू नकोस. खोटं लिहिलंस तर मी ओळखीन आणि ते कोरू देणार नाही. नावाखाली एक ओळ बसते. कोरणारा माणूस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतो, त्यानंतर जमीन गोठते आणि तो वसंतापर्यंत फिरकत नाही. एवढा हिवाळा मी काढीन असं धरून चालत नाही.

माझा तुझ्यावरचा लोभ पत्रांत मावेना इतका आहे. तुझा माझ्यावर काही उरला असेल तर तो एका ओळीत बसव.

उत्तर लेखी हवं. फोनवर सांगितलेलं चालणार नाही, निरोप चालणार नाही, लोवरीच्या हातचं चालणार नाही. तुझ्या हस्ताक्षरात, तुझ्या सहीने, ३० सप्टेंबर १९९४ च्या टपालाआधी माझ्या हातात पडलं पाहिजे.

ग्वेनलियन